शिकवणाऱ्याचा तास

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील कुठल्याही शाळेत नोकरीला नव्हते. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर यांच्या विक्रीसाठी त्यांची पायपीट चालू होती. पुढे साताऱ्यात धनजीशहा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीलाही त्यांनी हातभार लावला. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत शाळा नेणारा हा माणूस कारखान्याच्या दारातून शिक्षणात आला, ही गोष्ट त्यांच्या स्मृतिव्याख्यानांत फारशी निघत नाही. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहातली मुलं काम करून शिकत. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व पदवीपर्यंत नेलं. त्या योजनेचं कौतुक करताना बोलणारे ‘कमवा’पाशीच थांबतात. गरीब मुलाच्या फीची सोय झाली, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. पण शेतात, बागेत, बांधकामावर मुलांबरोबर कोणीतरी जाणता माणूस उभा असे आणि त्याच्या देखरेखीत मुलगा काम शिकत असे. आज सातारा-सांगलीतल्या संगणक शाखेच्या मुलामुलींना नेमका तो सोबत उभा राहणारा माणूस मिळत नाही.

महाविद्यालयांची मात्र इथे वाण नाही. सांगलीच्या विश्रामबागेत धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेच पुढे वालचंद महाविद्यालय झालं. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यावर साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, बुधगावचं वसंतदादांच्या नावाचं महाविद्यालय, साताऱ्याचं कर्मवीरांच्या नावाचं महाविद्यालय अशी रांगच लागली. दरवर्षी या संस्थांमधून संगणक, आयटी आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पदवी घेऊन मुलं बाहेर पडतात आणि त्यातली बहुतेक पुण्याची गाडी धरतात. त्याच वेळी विश्रामबागेत एखाद्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, कुपवाड एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात, साताऱ्याच्या एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर चार-पाच जणांच्या कंपन्या चालू असतात. कोणी पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करतं, कोणी द्राक्षबागेतलं हवामान मोजणारं यंत्र, कोणी दूध संकलनाचं ॲप. त्यांना माणसं हवी असतात आणि मुलांना अनुभव हवा असतो. दोघांमधलं अंतर रिक्षाने जाण्याइतकं, तरी गाठ पडत नाही.

ही गाठ पाडायला पोर्टल काढावं, असं लगेच सुचवलं जातं. पोर्टलं आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचंही आहे. परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने साधारण ६०० ते ७०० तास प्रत्यक्ष कामावर घालवावेत अशी अपेक्षा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विज्ञान-वाणिज्य शाखांतही ‘ओजेटी’, म्हणजे कामावरचं प्रशिक्षण, आली. थोडक्यात, तास आता अभ्यासक्रमाने सक्तीचे केले आहेत. त्या तासांत मुलाकडे कोण बघणार, हा प्रश्न मात्र कागदावरच्या एका सहीने संपवला जातो.

कामाच्या ठिकाणी शिकण्याची रीत या मातीला परकी नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि पलीकडे खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातली हजारो घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर उभी राहिली. विट्याजवळच्या एखाद्या गावातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मामा नाहीतर चुलत्याबरोबर तामिळनाडूत, केरळात, उत्तर प्रदेशात जातो. सुरुवातीला दुकान झाडायचं, झाडलेली धूळही जपून ठेवायची, कारण तिच्यात सोनं असतं. मग भट्टी पेटवणं, मूस धरणं, तेजाबाचं प्रमाण. रंग बघून धातू ओळखायला पुढे काही वर्षं जातात. हात बसला की तोच मामा शेजारच्या शहरात त्याला दुकान टाकून देतो, आणि काही काळाने त्याच्याकडे गावाकडचा दुसरा पोरगा येतो. या व्यवस्थेला नाव नाही, करारपत्र नाही. तिच्यात कष्टाची पिळवणूकही होते, शाळाही सुटतात, आणि ते झाकून ठेवण्याचं कारण नाही. पण एक गोष्ट तिच्यात पक्की असते. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या यशात स्वतःचा वाटा दिसतो.

दुसरं उदाहरण पलूस तालुक्यातलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलच्या दुकानातून नांगराच्या कारखान्याकडे वळले आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. आजच्या व्याख्येत ते स्टार्टअपच होतं. हाताखाली तयार माणसं नव्हती आणि मिळण्याची शक्यताही नव्हती. म्हणून माणसं तिथेच घडवावी लागली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर याच वाडीत कल्पक इंजिनिअर झाले. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची पदवी घेऊन आलेले लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव त्याच कारखान्यात कामाला लागले. पदवीधर आणि अर्धशिक्षित या दोघांनाही एकाच यंत्रापाशी उभं राहून शिकावं लागावं, अशी ती जागा होती. लक्ष्मणराव मूळचे शिक्षक होते हे विसरून चालणार नाही. कारखान्याचा मालक स्वतः शिकवणारा होता, हे किर्लोस्करवाडीच्या यशाचं कारण भांडवलाइतकंच वजनदार मानायला हवं.

आता कामावर शिकणं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहावं. याच पलूस तालुक्यात भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे. म्हशींच्या कानातल्या आरएफआयडी बिल्ल्यांवरून प्रत्येक जनावराची माहिती ठेवण्यापर्यंत तिथलं तंत्रज्ञान गेलं. मोठ्या डेअरीला ते परवडतं. पण कृष्णाकाठच्या गावोगावच्या संकलन केंद्रांवर काट्याला आणि फॅट मशीनला जोडलेला एक संगणक, एक छोटा प्रिंटर आणि एखाद्या स्थानिक कंपनीचं सॉफ्टवेअर एवढ्यावरच काम चालतं. पहाटे साडेपाचला कॅन घेऊन रांग लागते. उत्पादकाचा कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, भाव आणि पावती हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत व्हावं लागतं, कारण मागचा माणूस खोळंबलेला असतो आणि दुधाची गाडी थांबत नाही.

समजा, तिसऱ्या वर्षाच्या मुलीने या केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहिला. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये तो बिनचूक चालला. केंद्रावर मात्र ऐन गर्दीत वीज गेली. पावती छापून झाली होती, नोंद साठवायची राहिली होती. वीज आल्यावर, पावती निघाली आहे म्हणून, ऑपरेटरने तो आकडा पुन्हा भरला नाही. दुसऱ्या वेळी उलट झालं. नोंद झाली, पावती निघाली नाही, म्हणून पुन्हा बटण दाबलं आणि एकाच दुधाच्या दोन नोंदी झाल्या. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा कोणाचे पैसे कमी, कोणाचे जास्त, आणि केंद्रावर भांडण.

इथे शिकवणारा माणूस लागतो. तो तिच्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळींवर बोट ठेवतो आणि विचारतो, आधी छापायचं की आधी साठवायचं? नोंद आधी तिथल्या तिथे संगणकात ठेवायची, प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तेच बटण दोनदा दाबलं तरी नोंद एकच राहते. पावती त्यानंतर, आणि सर्व्हरला पाठवणं सगळ्यात शेवटी, नेटवर्क येईल तेव्हा. ही गोष्ट पुस्तकात एका परिच्छेदात आहे आणि परीक्षेत तिला चार गुण आहेत. पण स्वतःच्या चुकीमुळे एखाद्या बाईच्या बिलात गोंधळ झालेला जिने पाहिला, ती हा क्रम पुन्हा कधी चुकवणार नाही. यासाठी त्या माणसाचा पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात त्याला स्वतःचं काम करता आलं असतं, गिऱ्हाइकाचा फोन घेता आला असता. चार जणांच्या कंपनीत असा पाऊण तास रोज काढणं म्हणजे महिन्याच्या हिशेबात एका माणसाच्या कामाचा बराच मोठा भाग सोडून देणं.

छोट्या कंपन्या इंटर्न घ्यायला का कचरतात, त्याचं उत्तर या पाऊण तासात आहे. त्यांना मुलं नको असतात असं नाही. पहिले दोन महिने मूल कंपनीला काही देत नाही, उलट घेतंच. तिसऱ्या महिन्यात ते उपयोगी पडू लागतं आणि तेवढ्यात सेमिस्टर संपतं. मग ज्यांना शिकवायचं नाही, पण मुलांच्या सक्तीचा फायदा घ्यायचा आहे, असे लोक पुढे येतात. पैसे भरा, घरबसल्या चार व्हिडिओ बघा, प्रमाणपत्र घ्या. असं प्रमाणपत्र फाइलला लागतं, गुणही मिळतात. दुसऱ्या टोकाला मुलांना सहा महिने फुकट राबवून डेटा भरायला लावणारे असतात. दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत. विद्यार्थ्याचं काम कंपनीच्या उपयोगी पडत असेल तर त्याला मोबदला मिळायलाच हवा. कर्मवीरांच्या जिल्ह्यात तरी यावर दुमत होण्याचं कारण नाही.

सरकारी योजनांनी हा प्रश्न सोडवला असता, पण त्यांची मापं मोठ्या आस्थापनांच्या अंगाची आहेत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. पाच वर्षांत १ कोटी तरुण, महिना ५,००० रुपये, पण ठिकाण देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्या. शिवाय पूर्ण वेळ शिकणाऱ्याला ती लागू नव्हती. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठेवले. त्यातही शिक्षण चालू असलेला उमेदवार बसत नाही आणि आस्थापना किमान ३ वर्षं जुनी लागते. नवी कंपनी आणि शिकणारा विद्यार्थी, हे दोघेही दाराबाहेर राहिले.

दार उघडं आहे ते एका जुन्या कायद्यात. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पुढे पदवी आणि पदविकाधारकांनाही लागू झाला. २०१९ च्या नियमबदलाने ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं आणि ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. म्हणजे विश्रामबागेतल्या चार जणांच्या कंपनीलाही कायद्याने शिकाऊ पदवीधर घेता येतो, आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलतं. हे माहीत असणाऱ्या छोट्या कंपन्या थोड्या. माहीत असूनही नोंदणी, करार, परतावा यांच्या कागदांपुढे दमणाऱ्या त्याहून जास्त. महाविद्यालयातला प्लेसमेंट विभाग पुण्याच्या मोठ्या कंपन्यांची मनधरणी करण्यात जेवढा वेळ घालवतो, त्यातला थोडा या कागदांसाठी दिला तर वर्षभरात बराच फरक दिसेल. हे काम कंपनीवर टाकू नये, ते महाविद्यालयाने अंगावर घ्यावं.

परदेशात कामावर शिकवण्याचा हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियंत्याने १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काही दिवस कारखान्यात, काही दिवस वर्गात, आळीपाळीने. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ याच पायावर १९५७ मध्ये सुरू झालं. त्याची कथा सांगलीकरांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. वॉटर्लू आणि शेजारचं किचनर ही रबर, फर्निचर, कापड अशा कारखान्यांची मध्यम गावं. तिथल्या टायर कंपनीचे प्रमुख आयरा नीडल्स यांनी १९५६ मध्ये स्थानिक रोटरी क्लबसमोर भाषण करून सांगितलं की देशाला अभियंते हवेत आणि ते घडवायला कारखान्यांनी विद्यापीठाबरोबर अर्धी जबाबदारी घ्यावी. काही महिने वर्ग, काही महिने काम, असं चक्र बसवलं. पुढे याच विद्यापीठाच्या माइक लाझारिडिस या विद्यार्थ्याने १९८४ मध्ये गावातच कंपनी काढली. तिचाच ब्लॅकबेरी फोन नंतर जगभर गेला. आज तिथले २० हजारांहून अधिक विद्यार्थी या पद्धतीने शिकतात. यातली निर्णायक गोष्ट वेळापत्रक नव्हती. गावातल्या कारखानदारांनी शिकवणं हे आपलं काम मानलं, हे निर्णायक ठरलं.

आपल्याकडे शिकवणारा माणूस कुठून आणायचा? तो आहे, फक्त विखुरलेला आहे. वालचंद आणि कऱ्हाडच्या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत वरच्या जागांवर बसले आहेत. त्यांच्याकडून देणग्या मागितल्या जातात, सत्काराला बोलावलं जातं. शनिवारचे दोन तास फार क्वचित मागितले जातात. मुलीने लिहिलेला प्रोग्रॅम अशा माजी विद्यार्थ्याला पुण्यात बसून वाचता येतो, तिच्याशी स्क्रीनवर बोलता येतं. कंपनीतल्या माणसाचा रोजचा पाऊण तास मग आठवड्यातून दोनदा लागेल, बाकीचा भार हा दूरचा शिक्षक उचलेल. किर्लोस्करवाडीत, कूपरमध्ये, साखर कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले अभियंते सातारा-सांगलीत घरोघरी आहेत. त्यांना कदाचित नवी संगणकभाषा येणार नाही, पण यंत्र बंद पडतं तेव्हा आधी काय तपासायचं हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? आणि विद्यार्थीही विद्यार्थ्याला शिकवतात. वालचंदमध्ये लिनक्स युजर्स ग्रुप नावाची मुलांनीच चालवलेली संघटना आहे. तिथे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात. शिकवण्याची सवय या वयात लागली की ती पुढे कंपनीतही टिकते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी निकडीचा होतो. आष्ट्याच्या किंवा वाईच्या मुलीला सहा महिन्यांसाठी पुण्यात पाठवायचं म्हटलं की घरात राहण्याच्या जागेपासून खर्चापर्यंत चर्चा होते आणि बऱ्याचदा उत्तर ‘नको’ असं येतं. मग ती घरबसल्या प्रमाणपत्राकडे वळते आणि बरोबरीच्या मुलाला मिळालेला अनुभव तिच्या वाट्याला येत नाही. घरून जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरावर चांगलं काम मिळालं तर तिच्यासाठी तो वेगळाच रस्ता आहे. पण कुपवाडच्या गाळ्यात स्वच्छतागृह हवं, संध्याकाळी सहाला सोडलं तर एसटी मिळायला हवी. कंपनी निवडताना महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने हे स्वतः जाऊन पाहायला हवं, फोनवर विचारून भागत नाही.

शिकणाऱ्यालाही काही देण्यासारखं असतं, हे सांगायला देवराष्ट्रे गावाचं उदाहरण पुरेसं आहे. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावातल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि पुढे त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. बातम्या आल्या, फोटो झाले. अशा माणसाच्या कार्यशाळेत यंत्र अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी चार महिने जाऊन बसला असता तर दोघांचंही भलं झालं असतं. मुलाला हात मिळाला असता, आणि लोहारांच्या युक्तीचं रेखाचित्र, मोजमाप आणि सुरक्षेची चाचणी झाली असती. स्टार्टअप काचेच्या केबिनमधलंच असतं असं नाही.

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि तो सगळ्यात आधी सोडवण्याजोगा आहे. अंतिम वर्षाचं इंटर्नशिपचं सेमिस्टर सहसा जानेवारीत सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं. इथली शेती आणि तिच्यावर जगणारे उद्योग मात्र स्वतःच्या हंगामावर चालतात. उसाची नोंद पावसाळ्यात होते, गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि मार्चपर्यंत बऱ्याच ठिकाणी धुराडी थंड होतात. तोडीचा कार्यक्रम लावणारं ॲप ज्या मुलाला करायचं आहे त्याने जुलैतच उसाची नोंद घेणाऱ्या चिटबॉयबरोबर शिवारात हिंडायला हवं. आडसाली, लागण, खोडवा यांची नोंद कशी होते आणि तोड कोणाला आधी मिळते यावरून गावात काय होतं, ते बघायला हवं. जानेवारीत तो आला तर निम्मा हंगाम उलटलेला असतो. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमाराला होते आणि डाऊनी रोगाची भीती त्यानंतरच्या आठवड्यांत असते, म्हणून बागेतली हवामान यंत्रं बसवणाऱ्या कंपनीला मदत हवी असते ती सप्टेंबर ते डिसेंबर. बेदाणा आणि हळदीचं काम मात्र जानेवारी ते मे या चौकटीत नीट बसतं. वालचंदसारख्या स्वायत्त महाविद्यालयांना सेमिस्टरची अदलाबदल करण्याचे अधिकार आहेत. एका तुकडीला सातव्या सेमिस्टरमध्ये, म्हणजे जुलै ते नोव्हेंबर, कामावर पाठवायचं आणि दुसरीला आठव्यात, एवढा ठराव अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो. त्या बैठकीला एक दूध संघाचा माणूस, एक साखर कारखान्याचा शेती अधिकारी आणि दोन छोट्या कंपन्यांचे चालक बोलवावेत, आणि कुठल्या महिन्यात कोणाकडे किती शिकवणारे तास मोकळे आहेत याचा तक्ता त्यांच्याकडूनच भरून घ्यावा. मुलांची वाटणी त्या तक्त्यावरून व्हावी.